दिसू नये आणि ऐकूही येऊ नये: निर्बंधांच्या वसाहतीतल्या एका हॅम अँटेनाचे प्रकरण

नियमावलीतले कलम दोनच ओळींचे होते. घराच्या बाहेरच्या अंगाला, रस्त्यावरून किंवा सामाईक जागेतून दिसेल अशी अँटेना, खांब, तबकडी किंवा तार लावायची नाही. लावल्यास समिती ती काढायला लावेल आणि खर्च घरमालकाकडून घेईल. घर घेताना या कागदावर सही झाली होती. सही करणाऱ्या बाई गेली अनेक वर्षे परवानाधारक हॅम, म्हणजे हौशी रेडिओचालक. आधीच्या घरी त्यांचा उंच खांब होता, त्यावर हव्या त्या दिशेला रोखता येणारी, फिरणारी यागी अँटेना होती. वय वाढले, खांबाची देखभाल झेपेना, म्हणून त्या लहान घरात आल्या. रेडिओ सोडायचा विचार मात्र त्यांच्या मनात कधीच नव्हता.

या कामात मी सुरुवातीपासून त्यांच्याबरोबर होतो. अशा घरांमधून हॅम रेडिओ कसा चालवायचा याबद्दल हॅम मंडळींत जे बोलले जाते, त्यात लपवाछपवीच्या युक्त्याच फार असतात: तार कोणत्या रंगाची, झाडात कशी दडवायची, पन्हळीत कशी घालायची. त्या युक्त्या लागतात, पण सगळे त्यांच्यावर उभे नसते. चांगली लपवलेली अँटेना शेजाऱ्यांच्या नजरेला बहुधा पडतच नाही. ती उघडी पडते आवाजावरून: कुणाच्या स्पीकरमधून खरखर येते, कुणाचा दिवा लुकलुकतो, कुणाची बेल आपोआप वाजते. म्हणून तार लपवण्यावर जितके कष्ट घ्यायचे, त्याच्या दुप्पट तिच्यातून निघणारी ऊर्जा नको तिथे जाऊ नये यासाठी घ्यावेत. पुढची हकिगत वाचताना ही गोष्ट लक्षात ठेवावी.

कागद आणि शब्द

कामाला हात लावण्याआधी आम्ही ते कलम नीट वाचले. परवाना लहरी सोडण्याचा अधिकार देतो. वसाहतीशी केलेला खासगी करार त्याने आपोआप रद्द होतो असे कुणी समजू नये. त्याबाबतचे कायदे देशोदेशी वेगळे आहेत आणि ते आपापल्या ठिकाणी तपासावेच लागतात. इथे कलमाची मर्यादा स्पष्ट होती. सामाईक जागेतून जे दिसते त्यावर बंदी. घराच्या आत काय आहे, किंवा मागच्या अंगणात न दिसणारे काय आहे, यावर कलम काही बोलत नव्हते. कलमात ‘घराबाहेर कुठलीही अँटेना नको’ असे लिहिलेले असते, तर मी त्यांना माळ्याच्या बाहेर एक इंचही तार काढू नका असे सांगितले असते. आपण सही केली, म्हणजे शब्द दिला.

याच कारणासाठी एक मार्ग आम्ही लगेच सोडला: अँटेनाला दुसरेच काहीतरी म्हणून खपवणे. हवामानयंत्राचा खांब आहे, वेलीचा आधार आहे, असे सांगून काही जण वेळ मारून नेतात. उद्या खरी तक्रार आली की अशा उत्तराने सगळा विश्वास जातो, आणि मग त्या वसाहतीत पुढच्या हॅमलाही कुणी उभे करत नाही. तार खरोखरच दिसणार नाही अशी लावायची आणि कुणी विचारले तर खरे उत्तर द्यायचे, एवढे ठरले.

घर आणि गरज

रांगेतले शेवटचे घर. एका बाजूला शेजाऱ्यांशी सामाईक भिंत. वर उतरते कौलारू छप्पर, त्याखाली लाकडी वाशांचा माळा. मागे छोटे अंगण आणि अंगणाच्या टोकाला, घराच्याच हद्दीत, एक मोठे झाड. मागची बाजू रस्त्यावरून दिसत नाही. ती दिसते फक्त शेजाऱ्यांच्या मागच्या खिडक्यांतून आणि सामाईक पायवाटेच्या एका कोपऱ्यावरून.

‘कोणती अँटेना लावू?’ या प्रश्नाआधी ‘कुणाशी बोलायचे आहे?’ हा प्रश्न यायला हवा. बाईंचे उत्तर नेमके होते. संध्याकाळी सात मेगाहर्ट्झवर त्यांच्या जुन्या मित्रमंडळींचा मोर्सचा, म्हणजे टिंब-रेघांच्या संकेतांतला, कट्टा भरतो. ही मंडळी काही शे किलोमीटरच्या आत राहतात. तो कट्टा चुकवायचा नाही. चौदा मेगाहर्ट्झवर अधूनमधून दूरचे देश मिळाले तर हवेत, नाही मिळाले तरी चालेल.

या उत्तराने निम्मे काम झाले. सात मेगाहर्ट्झची तरंगलांबी सुमारे ४२ मीटर. आडवी तार जमिनीपासून पाव तरंगलांबीपेक्षा, म्हणजे साडेदहा मीटरपेक्षा खाली असली की तिची बहुतेक ऊर्जा सरळ वर जाते. आयनांबरातून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातून, ती परत खाली येते आणि भोवतालच्या काही शे किलोमीटरच्या पट्ट्यावर पसरते. दूरच्या संपर्कासाठी हा दोष आहे. शेजारच्या प्रदेशातल्या मित्रांशी बोलायचे असेल तर नेमके हेच हवे असते. त्यामुळे ज्या घरात उंची मिळणारच नाही, तिथे या कट्ट्यासाठी उंचीची उणीव भासणार नव्हती. एक अट मात्र निसर्गाची आहे: रात्री उशिरा किंवा सौर डाग कमी असताना आयनांबर उभ्या चढणाऱ्या सात मेगाहर्ट्झच्या लहरी परतवू शकत नाही आणि जवळची स्थानके एकदम नाहीशी होतात. अँटेना बदलून त्यावर इलाज होत नाही; कट्ट्याची वेळ अलीकडे घ्यावी लागते.

चौदा मेगाहर्ट्झवर गणित उलटे होते. दूरच्या देशांसाठी लहरी क्षितिजाकडे झुकून निघायला हव्यात. आडवी तार अर्ध्या तरंगलांबीच्या उंचीवर, इथे साडेदहा मीटरवर, असेल तर तिचा मुख्य झोत सुमारे ३० अंशांवर निघतो. एवढी उंची इथे न दिसता मिळणे शक्य नव्हते. ही तडजोड त्यांनी आधीच मान्य केली, म्हणून पुढे निराशा झाली नाही.

आधी ऐकले

तार लावण्याआधी आम्ही बॅटरीवर चालणारा छोटा रिसीव्हर आणि तारेचा तोच एक तुकडा घेऊन घरभर फिरलो. दाट वस्तीत आज सगळ्यांत मोठा शत्रू स्थानिक गोंगाट आहे. एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, चार्जर, राउटरचे ॲडॉप्टर, सौर पॅनेलचे इन्व्हर्टर, ही सगळी स्विचिंग पद्धतीची उपकरणे लघुलहरींच्या पट्ट्यात खरखर ओकत असतात. माळ्यावर सात मेगाहर्ट्झला एस-७ इतका गोंगाट होता; एस ही रिसीव्हरच्या मीटरवरची संकेताच्या जोराची पायरी. अंगणाच्या टोकाला तोच एस-३. एका एस-एककाला ६ डेसिबल धरले तर हा फरक २४ डेसिबलचा, म्हणजे शक्तीच्या हिशेबात अडीचशे पटींचा. छोट्या रिसीव्हरचा मीटर इतका काटेकोर नसतो, पण दोन जागांची तुलना करायला तो पुरतो.

मग घराचा मुख्य स्विच बंद केला. माळ्यावरचा गोंगाट लगेच खाली आला. याचा अर्थ बहुतेक खरखर बाईंच्या स्वतःच्याच घरातून निघत होती. एकेक सर्किट चालू करत गेल्यावर दोषी सापडले: स्वयंपाकघरातल्या एलईडी पट्टीचा ड्रायव्हर, राउटरचा ॲडॉप्टर आणि एक स्वस्त चार्जर. दोन बदलले, तिसऱ्याच्या वायरला खरखर अडवणारे फेराइटचे क्लिप लावले. तेवढ्यावर माळ्यावरचा गोंगाट एस-५ वर आला. उरलेला सामाईक भिंतीपलीकडून येत होता, आणि त्याला तेव्हा आमच्याकडे उपाय नव्हता.

हे काम कंटाळवाणे आहे आणि बहुतेक जण ते टाळतात. मी ते पहिले मानतो. गुप्त अँटेनावर प्रसारणाची शक्ती वाढवून फायदा नसतो, कारण शक्ती वाढली की शेजाऱ्यांना त्रासही वाढतो. ऐकण्याची बाजू सुधारणे हा एकच फायदा असा आहे ज्याची झळ कुणालाच लागत नाही.

काय सोडले आणि का

पन्हळीचाच अँटेना म्हणून वापर करण्याची सूचना एका मित्राने केली होती. पन्हळीचे सांधे गंजलेले असतात, आणि गंजलेला सांधा डायोडसारखा वागून नको त्या फ्रिक्वेन्सींवर लहरी निर्माण करतो. तो विचार तिथेच संपला. ध्वजाच्या खांबात उभी अँटेना दडवणे चांगले चालते, पण त्यासाठी खांबाची परवानगी हवी आणि जमिनीत चोहीकडे पसरलेल्या अनेक रेडियल तारा हव्यात. इथे खांब समोरून दिसलाच असता.

माळ्यावरचा डायपोल, म्हणजे मध्यावर केबल जोडलेली सरळ तार, मोहात पाडणारा होता. कौले आणि लाकूड लहरींना जवळजवळ अडवत नाहीत. छताखाली धातूचा पत्रा किंवा ॲल्युमिनियमची उष्णतारोधक फॉइल असती, तर मात्र माळा निरुपयोगी ठरला असता. अडचण लांबीची होती. अर्ध्या तरंगलांबीचा डायपोल मीटरमध्ये साधारण १४३ भागिले मेगाहर्ट्झ इतका, म्हणजे सातला वीस मीटर. आढे अकरा मीटरचे. टोके वाकवून तो बसला असता, पण घरातल्या सगळ्या वायरिंगला समांतर आणि सगळ्या गोंगाटाच्या कुशीत.

उरला चुंबकीय लूप. एक मीटर व्यासाचे तांब्याचे कडे आणि त्याला जुळणारा परिवर्ती कपॅसिटर. सदनिकेत राहणाऱ्या हॅमला पुष्कळ जण हाच सुचवतात, म्हणून त्याचे आकडे इथे मांडतो. अशा लूपचा प्रारण रोध, म्हणजे लहरी होऊन बाहेर पडणाऱ्या शक्तीचे माप, चौदा मेगाहर्ट्झला सुमारे ०.१ ओहम असतो. सात मेगाहर्ट्झला तो सोळा पटींनी घसरून सुमारे ०.००६ ओहम होतो, कारण तो फ्रिक्वेन्सीच्या चौथ्या घाताने बदलतो. २२ मिलिमीटर जाडीची तांब्याची नळी घेतली तर नळीचाच रोध सातला ०.०३ ओहमच्या आसपास येतो. म्हणजे दिलेल्या शक्तीचा जेमतेम सहावा भाग लहरी होऊन बाहेर पडतो आणि बाकीची उष्णता होते. कपॅसिटरचे सांधे जमेस धरले तर आणखी कमी. चौदाला तीच नळी सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा बाहेर सोडते, आणि हा आकडा खरोखर चांगला आहे. बाईंचा कट्टा सातवर होता, म्हणून लूप मुख्य अँटेना होऊ शकला नाही. शिवाय त्याची बँडविड्थ, म्हणजे एका जुळणीत चालणारा फ्रिक्वेन्सींचा पट्टा, इतकी अरुंद असते की फ्रिक्वेन्सी थोडी सरकवली की पुन्हा ट्यून करावे लागते, आणि शंभर वॉटला कपॅसिटरवर काही हजार व्होल्ट उभे राहतात. तो हात लावायच्या जागी ठेवू नये. तरीही एक लूप आम्ही माळ्यावर तुलनेसाठी ठेवला. त्याचा एक गुण मला फार आवडतो: तो फिरवून एका दिशेचा गोंगाट जवळजवळ पुसून टाकता येतो.

तार

शेवटी निवड झाली ती एका टोकाला जोडणी असलेल्या अर्ध्या तरंगलांबीच्या तारेची. हॅम तिला एंड-फेड म्हणतात. डायपोलला मध्यावर केबल लटकवावी लागते आणि ती लटकणारी केबलच डोळ्यांत भरते. इथे केबल भिंतीपाशीच संपते आणि हवेत फक्त एक तार राहते. वीस मीटरची ही तार सातवर चालते, आणि तिच्या पटीतल्या चौदा, एकवीस, अठ्ठावीस मेगाहर्ट्झवरही.

तारेच्या टोकाला रोध काही हजार ओहम असतो, म्हणून तो केबलशी जुळवायला ४९ ला १ असा ट्रान्सफॉर्मर लागतो. ४३ क्रमांकाच्या मिश्रणाच्या फेराइट टोरॉइडवर, म्हणजे कड्यावर, दोन आणि चौदा वेढे घातले. वरच्या बँडवर जुळणी सुधारावी म्हणून दोन वेढ्यांच्या बाजूला १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर लावला. भिंतीच्या रंगाच्या छोट्या जलरोधक डबीत हे सगळे मागच्या वळचणीखाली बसले.

मांडणी अशी: डबीपासून चार मीटर वळचणीच्या कडेने, मग बारा मीटर अंगणावरून झाडापर्यंत, आणि शेवटचे चार मीटर फांद्यांमधून खाली. वळचण साडेपाच मीटरवर, झाडातला टेकू सातवर. या आकड्यांमागे कारण आहे. अर्ध्या तरंगलांबीच्या तारेत प्रवाह मध्यावर सर्वाधिक असतो आणि लहरी मुख्यतः तिथूनच निघतात. वरच्या मांडणीत तो मध्य बरोबर अंगणाच्या मधोमध, घरापासूनही दूर आणि झाडापासूनही दूर येतो. वाकवायचे ते दोन्ही टोकांकडचे भाग वाकवले, कारण तिथे प्रवाह कमी असतो. टोकांवर मात्र व्होल्टेज चढते: शंभर वॉटला साडेपाचशे व्होल्टच्या घरात, वीस वॉटला सुमारे २४०. म्हणून झाडातले टोक जमिनीपासून तीन मीटर वर राखले, पानांना टेकणार नाही असे. वळचणीकडचे टोकही खिडकीतून हात पोहोचणार नाही अशा जागी गेले. माणसाने किती प्रारणाच्या संपर्कात राहावे याच्या मर्यादा शक्ती, प्रसारणाची पद्धत आणि अंतर घालून तपासल्या, आपल्याही खिडकीसाठी आणि शेजाऱ्यांच्याही.

तार अर्ध्या मिलिमीटरची, आवरणासह. इतक्या बारीक तारेत सगळी शक्ती वाया जाईल असे बाईंना वाटत होते. सात मेगाहर्ट्झला तांब्यात प्रवाह पृष्ठभागाच्या सुमारे ०.०२५ मिलिमीटर थरातूनच वाहतो, हे धरून हिशेब केला तर नुकसान साधारण अर्ध्या डेसिबलचे येते. समोरच्याला ते कळतसुद्धा नाही. बारीक तारेचा खरा प्रश्न ताकदीचा आहे. झाड डोलते आणि ताणलेली तार तुटते. म्हणून झाडाकडचे टोक गडद पॉलिएस्टर दोरीला बांधून ती दोरी फांदीवरून सोडली आणि खाली हलके वजन लावले. नायलॉन ताणला जातो आणि उन्हाने लवकर कमकुवत होतो, तो टाळला.

रंगाबद्दल एक निरीक्षण. तार झाडापुढून जाते तिथे मळका हिरवा किंवा तपकिरी चालतो, पण आकाशापुढे काळी तार उठून दिसते आणि फिकी राखाडी विरून जाते. उघडे तांबे उन्हात चमकते. नजरेला आधी सापडतात ते पांढरे इन्सुलेटर, जाड काळी केबल आणि पिळाच्या गाठी. इन्सुलेटरचे काम दोरीनेच केले आणि केबल पाण्याच्या नळीशेजारी, भिंतीच्या रंगाच्या पाइपातून खाली आणली. पक्ष्यांची ये-जा जास्त असेल तिथे इतकी बारीक तार त्यांच्या वाटेत येऊ देऊ नये. इथे ती फांद्यांच्या पातळीखालून नेली.

घरात शिरताना केबलला वीजरोधक बसवून तो घराच्या अर्थिंगशी जोडला. वादळाची चाहूल लागली की केबल काढून ठेवायची, ही सवय बाईंना आधीपासूनच होती.

बेल

नॅनो-व्हीएनए या छोट्या मापनयंत्रावर जुळणी सुरेख आली. पहिल्या संध्याकाळी बाईंनी पन्नास वॉटवर मोर्समध्ये कट्ट्याला हाक दिली, उत्तर आले, आणि पाच-सात मिनिटांत शेजारचे गृहस्थ दारात.

“ताई, तुमच्याकडे काही चालू आहे का? आमची बेल मघापासून आपोआप वाजतेय. तुकड्यातुकड्यांत.”

बाईंनी क्षणभरही विचार केला नाही. “हो दादा, ती माझ्यामुळेच वाजतेय. आत या, दाखवते.”

त्यांनी रेडिओ दाखवला, परवाना दाखवला, झाडाकडे जाणारी तार दाखवली, आणि बेल थांबेपर्यंत प्रसारण करणार नाही असे सांगितले. त्या गृहस्थांना तार तोवर कधीच दिसली नव्हती. या प्रकरणाचे पुढचे सगळे त्या पाच मिनिटांवर उभे राहिले असे माझे मत आहे. माझा सल्ला विचाराल तर हे संभाषण बेल वाजण्याच्या आधीच झालेले बरे. सामाईक भिंतीपलीकडच्या माणसाला पहिल्या दिवशीच सांगावे.

कारण शोधायला फार वेळ लागला नाही. एंड-फेड तारेला परतीचा मार्ग हवा असतो. तो मुद्दाम दिला नाही तर केबलच्या जाळीची बाहेरची बाजू तो मार्ग होते. मग केबलही अँटेनाचा भाग बनते, आणि ही केबल सामाईक भिंतीलगत, शेजाऱ्यांच्या बेलच्या वायरला समांतर खाली येत होती. जुळणीच्या आकड्यावरून हे कधीच कळत नाही. तो आकडा, म्हणजे एसडब्ल्यूआर, दीड असो वा दोन, त्याला मी फार महत्त्व देत नाही. दोनला परत फिरणारी शक्ती अवघी ११ टक्के असते. केबलवरून काय वाहतेय याकडे लक्ष देणे जास्त मोलाचे.

उपाय पाच केले, एकावर एक. ट्रान्सफॉर्मरच्या ग्राउंडला दोन मीटरची वेगळी तार दिली, म्हणजे सातच्या तरंगलांबीचा विसावा भाग. परतीचा प्रवाह तिच्यात जावा म्हणून. त्याच्या लगेच पुढे केबलवर चोक घातला: ३१ क्रमांकाच्या मिश्रणाच्या मोठ्या टोरॉइडवर त्याच केबलचे बारा वेढे, जे केबलच्या बाहेरच्या प्रवाहाला काही हजार ओहमचा अडथळा करतात आणि आतल्या प्रवाहाला हातही लावत नाहीत. दुसरा चोक केबल घरात शिरते तिथे. केबलचा मार्ग बदलून ती सामाईक भिंतीपासून घराच्या दुसऱ्या कोपऱ्यावर नेली. आणि शेजाऱ्यांच्या परवानगीने त्यांच्या बेलच्या वायरवर दोन फेराइट क्लिप लावले.

शक्तीही उतरवली, पन्नासवरून वीस वॉटवर. समोरच्याच्या मीटरवर हा फरक ४ डेसिबलचा, एका एस-एककाहूनही कमी. मोर्समध्ये तो सहज पचतो, कारण आवाजाच्या संभाषणापेक्षा मोर्स कितीतरी क्षीण संकेतावरही कानाला उलगडते. बेल गप्प झाली. त्या संध्याकाळी ते गृहस्थ रेडिओशेजारी बसून कट्टा ऐकत होते, आणि त्यांच्या टीव्हीच्या ॲडॉप्टरमुळे आमच्याकडे खरखर येते हे कळल्यावर त्यांनी स्वतःहून तो बदलला. भिंतीपलीकडचा जो गोंगाट आमच्या हाती नव्हता, त्यातला मोठा भाग असा गेला.

मोजमाप

आपली अँटेना चालते की नाही हे एक-दोन संपर्कांवरून ठरवू नये. आयनांबर तासातासाला बदलते. त्यासाठी आज हॅमकडे फार सुंदर साधने आहेत. जो टेलर या खगोलशास्त्रज्ञाने, ज्यांना १९९३ चे भौतिकशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले, २००८ मध्ये डब्ल्यूएसपीआर नावाची पद्धत आणली. सगळे तिला व्हिस्पर म्हणतात. दोन मिनिटांच्या एका खेपेत कॉल साइन (हॅमची ओळखखूण), ठिकाणाचा संकेत आणि शक्ती एवढेच जाते, आणि जगभरचे रिसीव्हर किती क्षीण ऐकू आले याची नोंद आपोआप करतात. आम्ही एका वॉटवर एक खेप तारेवरून आणि पुढची लूपवरून अशी आलटून पालटून पाठवली, म्हणजे दोन्ही नोंदींच्या मागे आयनांबर जवळजवळ तेच राहते.

सात मेगाहर्ट्झवर तार लूपच्या पुढे राहिली, बहुतेक स्थानकांवर सुमारे दोन एस-एककांनी. लूपच्या रोधाचे वरचे गणित आणि माळ्यावरचा परिसर पाहता हे अपेक्षितच होते. चौदावर मात्र चित्र इतके सरळ नव्हते. काही दिशांना तार बरी, काही दिशांना माळ्यावरचा लूप तिच्या बरोबरीचा. चौदावर ही तार पूर्ण तरंगलांबीची होते, तिचे झोत तिरपे फुटतात आणि मधल्या दिशा दुबळ्या पडतात. त्यामुळे बाईंनी लूप काढला नाही. दूरच्या देशांसाठी त्या एफटी८ वापरतात. टेलर आणि स्टीव्ह फ्रँके यांनी २०१७ मध्ये आणलेली ही पद्धत पंधरा सेकंदांच्या खेपांत चालते आणि गोंगाटाच्या सुमारे २० डेसिबल खालचा संकेतही वाचते. एक खबरदारी: खेप चालू असताना एफटी८ सलग पूर्ण शक्तीने प्रसारण करते, त्यामुळे ट्रान्सफॉर्मरचे फेराइट तापते. दहा वॉटच्या वर त्या जात नाहीत.

पावसात झाड भिजले की तारेचा अनुनाद, म्हणजे तार आपोआप जुळते ती फ्रिक्वेन्सी, थोडा खाली सरकतो. कट्ट्याच्या फ्रिक्वेन्सीवर त्याने काही अडत नाही.

समिती

बाहेरच्या रंगकामाच्या वेळी समितीचे दोन सदस्य घरे पाहत फिरले. त्यांना तार दिसली नाही. वळचणीखालची डबी दिसली. “हे काय आहे?” या प्रश्नाला बाईंनी सरळ उत्तर दिले आणि मग त्यांना पायवाटेच्या त्या कोपऱ्यावर नेऊन तिथून काय दिसते ते पाहायला सांगितले. शेजारचे गृहस्थही बाहेर आले आणि बेलची हकिगत त्यांनीच सांगितली, ती कशी मिटली त्यासह. समितीने दोन अटींवर लेखी नोंद केली: सामाईक जागेतून तार दिसायला लागली तर ती हलवायची, आणि कुणाच्या उपकरणांत व्यत्यय आल्याची तक्रार आली तर कारण सापडेपर्यंत प्रसारण बंद ठेवायचे. दुसऱ्या अटीचा शब्द बाईंनी शेजाऱ्यांना आधीच दिला होता.

पहिल्या अटीचा प्रश्न पानगळीत आला. फांद्या उघड्या पडल्या आणि तिरप्या उन्हात पायवाटेवरून तारेचा शेवटचा तुकडा दिसू लागला. तो तुकडा खोडाच्या मागच्या बाजूने वळवला, त्यासाठी अनुनाद पुन्हा जुळवला, आणि नोंदीची एक प्रत रेडिओच्या वहीत लावली.